हडसनकाठची सायकलवाट आणि हार्लेमचा वाटा

कोलंबिया विद्यापीठ पाहून आलेले आपले बांधव हल्ली गावोगावी भेटतात. तेथील ग्रंथालयात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र ते अभिमानाने दाखवितात, आणि तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्याच विद्यापीठाच्या आवारातून पश्चिमेकडे दोन गल्ल्या चालून गेले की रिव्हरसाइड पार्क लागते, त्याच्या पायथ्याशी हडसन नदी वाहते, आणि नदीला लागून मोटारींना मज्जाव असलेली एक सायकलवाट मैलोगणती जाते, हे पाहून आलेला मनुष्य आम्हाला क्वचितच भेटला. आज आम्ही त्या वाटेविषयी लिहिणार आहोत. आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात अमेरिकेतल्या सायकलवाटेचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांना आमची विनंती एवढीच, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आमच्याशी खुशाल भांडावे.

प्रथम वाट कशी आहे ते सांगतो. मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला बॅटरी नावाचा भाग आहे. तेथून ही वाट निघते आणि उत्तरेला डाइकमन स्ट्रीटपर्यंत जाते. अंतर सुमारे वीस किलोमीटर. उत्तरेकडे निघालात की डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला शहर. खालच्या भागात जुन्या धक्क्यांकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी काही ठिकाणी सिग्नल आहेत. तेवढे सोडले तर मोटारीचा संबंध नाही. शंभराव्या रस्त्यापासून सव्वाशेव्या रस्त्यापर्यंत वाट अगदी पाण्याच्या कडेने जाते. या पट्ट्याला चेरीची झाडे आहेत आणि नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखाली लाल रंगाचे एक चिमुकले दीपगृह आहे, आणि ते मागे टाकले की एक असा उभा चढ लागतो की चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्या वकिलाने निमूटपणे खाली उतरून सायकल ढकलावी.

या वाटेला तिकीट नाही. फाटकावर बसून नाव-गाव विचारणारा कोणी नाही. ज्यांना आणखी लांब जायचे आहे त्यांच्यासाठी २०२० च्या अखेरीस 'एम्पायर स्टेट ट्रेल' पूर्ण झाली. बॅटरीपासून आल्बनीपर्यंत, तेथून एक फाटा पश्चिमेला बफेलोला आणि दुसरा उत्तरेला कॅनडाच्या सीमेपर्यंत, अशी एकूण सुमारे बाराशे किलोमीटरची ही वाट आहे. तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग मोटार रस्त्यापासून वेगळा आहे, कारण बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या आणि कालव्याच्या काठच्या जुन्या वाटा त्यासाठी वापरल्या. पाठीला पडशी बांधून माणसे आठ-आठ दिवस या वाटेने जातात. त्यात तरुण आहेत, साठी उलटलेल्या बाया आहेत, लेकरांना मागे बसवून निघालेले बाप आहेत. मोटारीच्या रस्त्यावर त्यांतले बरेच जण सायकल घेऊन उतरलेच नसते. ज्याच्याजवळ मोटार नाही त्याच्या जिवाची किंमत रस्त्यावर कमी धरली जाते, हे आपल्या पदपथांवरून चालणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

मोटारींना मज्जाव म्हणजे काय, याचा एक कटू धडाही याच वाटेने दिला आहे. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी एका इसमाने भाड्याचा ट्रक खालच्या भागातील या वाटेवर घातला आणि आठ माणसे चिरडून मारली. त्यांतील पाच जण अर्जेंटिनातील रोसारिओ शहराचे शाळासोबती होते. शाळा सोडल्याला तीस वर्षे झाली म्हणून एकत्र जमून भाड्याच्या सायकलींवर नदीकाठ पाहायला निघाले होते. तोपर्यंत 'मोटारींना बंदी' ही मुख्यत्वे पाटीवर आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांत होती. त्यानंतर तेथे आधी काँक्रीटचे ठोकळे आणि मग पोलादी खांब आले. आम्ही न्यायालयात वावरणारी माणसे आहोत. हक्क कागदावर लिहिला आणि त्याच्या आड खांब रोवला नाही तर काय होते, ते आम्ही रोज पाहतो.

आता ही वाट झाली कशी, ते पाहू. ही कोणा दयाळू महापौराने दिलेली देणगी आहे असे समजू नका! मॅनहॅटनच्या पश्चिम काठावर पूर्वी खांबांवर उभारलेला मोटारींचा महामार्ग होता. १५ डिसेंबर १९७३ रोजी त्याचा एक तुकडा कोसळला. कोसळला तो कशाच्या भाराने? त्याच महामार्गाच्या दुरुस्तीसाठी डांबर घेऊन चाललेल्या ट्रकच्या भाराने! मग सरकारने 'वेस्टवे' नावाची नवी योजना काढली. हडसनमध्ये भराव घालून सुमारे दोनशे एकर नवी जमीन तयार करायची, तिच्या पोटातून सहा पदरी महामार्ग न्यायचा, वर बाग आणि इमारती. खर्च अब्जावधी डॉलरचा. राज्यपाल, महापौर, बांधकाम व्यावसायिक, कामगार संघटनांचे पुढारी, मोठी वर्तमानपत्रे, सगळे तिच्या बाजूचे. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी स्वतः येऊन साडेआठ कोटी डॉलरचा प्रतीकात्मक धनादेश दिला.

विरोधक न्यायालयात गेले, आणि तेथे ही योजना अडली ती एका माशापायी. सरकारी पर्यावरण अहवालात म्हटले होते की या धक्क्यांमधल्या पाण्यात जीवसृष्टी जवळपास नाहीच. प्रत्यक्षात पट्टेदार बास जातीच्या माशांची पिल्ले हिवाळ्यात याच मोडक्या धक्क्यांच्या आडोशाला राहतात, असे आढळले. न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी १९८२ मध्ये भरावाचा परवाना बेकायदा ठरविला, १९८५ मध्ये पुन्हा तसाच निर्णय दिला, आणि त्याच वर्षी सरकारने योजना सोडून दिली. महामार्गासाठी राखलेल्या केंद्रीय पैशाचा मोठा वाटा भुयारी रेल्वे आणि बसकडे वळला. रस्ता जमिनीवरच साधा राहिला, आणि नदीकडची पट्टी बाग व सायकलवाट यांसाठी मोकळी झाली. तिच्यासाठी राज्याने १९९८ मध्ये 'हडसन रिव्हर पार्क' कायदा केला. धनदांडग्यांची एवढी मोठी फळी कागदपत्रातील एका खोट्या विधानावर कोसळली, ही गोष्ट आम्ही आमच्या कनिष्ठ वकिलांना नेहमी सांगतो. शपथपत्रे वाचायचा कंटाळा करू नये!

इथपर्यंतची कथा अमेरिकेतील पर्यावरणवादी मंडळी मोठ्या आनंदाने सांगतात. आम्हाला तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो ते हळू आवाजात सांगतात. हा उत्तरार्ध सव्वाशेव्या रस्त्याच्या पलीकडचा, म्हणजे हार्लेमचा आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात होते. तेव्हा रिव्हरसाइड पार्क उतारावर होते. खाली पाण्याच्या कडेने न्यू यॉर्क सेंट्रल कंपनीची मालगाड्यांची उघडी लोहमार्ग-रांग होती. कोळसा, गुरे, धूर, चिखल असा तो काठ होता. बाबासाहेब तेथे फिरायला जात होते की काय, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. ग्रंथालयातून त्यांना तेवढी सवड मिळत असेल असे वाटत नाही. पुढे रॉबर्ट मोझेस नावाचा अतिशय कर्तबगार आणि अतिशय उद्दाम अधिकारी आला. त्याने १९३७ मध्ये या काठाची मोठी सुधारणा पुरी केली. ७२ व्या रस्त्यापासून सव्वाशेव्याच्या आसपासपर्यंत रेल्वे बोगद्यात झाकली, तिच्यावर हिरवळ, मैदाने, फिरायच्या वाटा केल्या, शेजारून मोटारींचा रस्ता नेला. आणि हार्लेम सुरू झाले तेथे झाकण संपले! तेथून पुढे रेल्वे उघडीच राहिली. आजही आहे. मोझेसचे चरित्र लिहिणारे रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ मध्ये नोंदविले की या सुधारणेत सतरा क्रीडांगणे झाली, त्यांपैकी हार्लेमच्या वाट्याला एक आले. कॅरो यांच्या काही निष्कर्षांवर पुढच्या इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत, तो वाद त्यांचा त्यांनी करावा. उघडे रूळ पाहायला इतिहासकार लागत नाही. (त्या झाकलेल्या बोगद्याचीही एक कथा आहे. मालवाहतूक बंद पडल्यावर १९८० च्या दशकात शेकडो बेघर माणसे वरच्या हिरवळीखाली त्या अंधारात राहत होती. १९९१ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या आणि पुढे त्यांना तेथून हलविण्यात आले.)

वकील म्हणून आम्हाला येथे एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. न्यू यॉर्क राज्यात बागेत किंवा नदीकाठी कृष्णवर्णीयांना बंदी घालणारा कायदा तेव्हा नव्हता. उलट सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करू नये असा कायदा त्या राज्याने १८९५ मध्येच केला होता. दक्षिणेतल्या राज्यांप्रमाणे 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी हार्लेममध्ये लागली नाही. पाटीची गरजच पडली नाही. नकाशावर रेघ कोठे थांबवायची एवढे ठरविले की काम झाले.

यापुढची हकीकत तर नाकाला रुमाल लावूनच सांगावी लागेल. १९८६ पर्यंत मॅनहॅटनच्या पश्चिम भागाचे मैलापाणी कोणतीही प्रक्रिया न करता सरळ हडसनमध्ये सोडले जात होते. खाली ग्रिनिच व्हिलेजपासून वर इनवुडपर्यंतच्या सगळ्या श्रीमंत-गरीब वस्त्यांचे. नदी शुद्ध करायची तर प्रक्रिया केंद्र हवे. त्यासाठी आधी ७० व्या-७२ व्या रस्त्यांच्या आसपासच्या जागेचा विचार झाला होता. तो मागे पडला आणि केंद्र आले कोठे? १३७ व्या ते १४५ व्या रस्त्यांसमोर, पश्चिम हार्लेमच्या दारात! दिवसाला सतरा कोटी गॅलन मैलापाणी हाताळण्याची क्षमता असलेले हे केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले, आणि हार्लेमची घरे दुर्गंधीने भरून गेली. खिडक्या उघडणे मुश्कील झाले. खाली चेल्सीच्या धक्क्यावर उभे राहून जे लोक 'पाहा, हडसन किती स्वच्छ झाली' असे म्हणतात, त्यांच्या नदीचा स्वच्छपणा हार्लेमच्या नाकातून गेलेला आहे. कोणाची घाण कोणाच्या दारात, हा प्रश्न आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. हजारो वर्षे गावाची घाण गावकुसाबाहेर कोणाकडे सोपविली गेली, ते आपणांस ठाऊक आहे.

हार्लेमचे लोक गप्प बसले नाहीत. १५ जानेवारी १९८८, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनी, त्यांनी केंद्रासमोरचा महामार्ग भल्या सकाळी अडविला. सात जणांना अटक झाली, आणि पुढे ते 'सुएज सेव्हन' या नावाने ओळखले गेले. त्यांतले एक, डेव्हिड पॅटर्सन, वीस वर्षांनी राज्याचे राज्यपाल झाले. त्याच वर्षी पेगी शेपर्ड, व्हर्निस मिलर आणि चक सटन यांनी 'वी अ‍ॅक्ट' ही संघटना उभी केली. १९९२ मध्ये शहरावर दावा लावला. येथे त्यांच्या वकिलांचे चातुर्य पाहण्यासारखे आहे. वर्णभेदाचा हेतू सिद्ध करायचा म्हणजे अधिकाऱ्यांच्या मनात शिरावे लागते, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकापासून तो भार वादीवर टाकलेला आहे. म्हणून त्यांनी उपद्रवाचे जुने, साधे तत्त्व हाती घेतले. वास येतो की नाही? माणसांना त्रास होतो की नाही? १९९३ च्या अखेरीस शहराने तडजोड केली. केंद्राच्या दुरुस्तीची जबाबदारी घेतली, आणि वस्तीच्या पर्यावरण व आरोग्याच्या कामासाठी अकरा लाख डॉलरचा निधी दिला. तो निधी त्यांनी जेवणावळीत आणि सत्कार समारंभांत उडविला नाही, हेही येथे नमूद करतो. आमच्याकडील काही संघटनांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

केंद्र उभारतानाच लोकांच्या रेट्यामुळे त्याच्या छतावर बाग करण्याचे कबूल करावे लागले होते. १९९३ मध्ये तेथे रिव्हरबँक स्टेट पार्क उघडले. अठ्ठावीस एकरांचे. पोहण्याचा तलाव, धावण्याची धावपट्टी, बर्फावर घसरण्याचे मैदान, नाट्यगृह, सगळे मैलापाण्याच्या टाक्यांच्या डोक्यावर, नदीपासून सुमारे सत्तर फूट उंच. रविवारी तेथे हार्लेमची आणि वॉशिंग्टन हाइट्सची डोमिनिकन, पोर्टो रिकन, कृष्णवर्णीय कुटुंबे जत्रेसारखी लोटतात. ती बाग खरेच सुंदर आहे. पण तिच्या खालून जाणाऱ्या सायकलवाटेवर उतरायचे तर उघडी रेल्वे आणि महामार्ग ओलांडावे लागतात. सव्वाशेव्याच्या उत्तरेला वाटेवर पोचण्याच्या जागा विरळ आहेत, आणि कित्येक ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊन जिने चढा-उतरायचे. दक्षिणेकडच्या श्रीमंत वस्तीत मात्र जागोजाग सपाट उतार! सायकलवाट सगळ्यांसाठी मोफत असली तरी तिच्यापर्यंतची वाट सगळ्यांना सारखी नाही.

सव्वाशेव्या रस्त्याच्या टोकाला नदीवर पूर्वी गाड्या उभ्या करण्याची ओसाड जागा होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शहराने ती विकसकांना द्यायचा घाट घातला, तेव्हा 'वी अ‍ॅक्ट' आणि तेथील वस्ती मंडळाने लोकांच्या सभा घेतल्या आणि स्वतःचा आराखडा काढला. त्याला त्यांनी 'हार्लेम ऑन द रिव्हर' असे नाव दिले. नुसता निषेधाचा ठराव करून ते थांबले नाहीत, तर मासे धरायला धक्का कोठे, सायकलवाट कोठून, बसायला बाके किती, हे सारे कागदावर मांडले. २००९ मध्ये तेथे वेस्ट हार्लेम पियर्स पार्क लोकांसाठी खुले झाले, आणि दक्षिणेकडून येणारी व उत्तरेकडे जाणारी सायकलवाट तेथे जोडली गेली. आम्ही गेलो तेव्हा धक्क्यावर काही म्हातारे गळ टाकून बसले होते. एकाने आम्हाला देश विचारला, आणि सायकलची साखळी उतरली होती ती न मागता बसवून दिली.

येथे आपल्या आवडत्या विद्यापीठाविषयीही बोलणे प्राप्त आहे. कोलंबियाने बाबासाहेबांना जे दिले त्याविषयी आपण कृतज्ञ आहोत, आणि १९५२ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी देऊन विद्यापीठाने स्वतःचाच सन्मान केला. परंतु याच विद्यापीठाने १९६८ मध्ये शेजारच्या मॉर्निंगसाइड पार्कच्या सार्वजनिक जमिनीवर व्यायामशाळा बांधायला काढली. तिचा आराखडा असा होता की विद्यार्थ्यांनी टेकडीच्या वरून, मोठ्या दाराने यावे, आणि हार्लेमच्या रहिवाशांनी खालच्या बाजूने, वेगळ्या दाराने यावे. आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा भाग. वरचे दार आणि खालचे दार! विद्यार्थी आणि हार्लेमवासी उठले, विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या गेल्या, आणि व्यायामशाळा रद्द झाली. चाळीस वर्षांनंतर विद्यापीठाने सव्वाशेव्या रस्त्याच्या उत्तरेला मॅनहॅटनव्हिलमध्ये सतरा एकरांवर विस्तार मांडला. ज्यांनी जागा विकायला नकार दिला त्यांच्यासाठी राज्याने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरला. २००९ मध्ये खालच्या अपील न्यायालयाने तो बेकायदा ठरविला. जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने उलट निकाल देऊन विद्यापीठाची बाजू मान्य केली. वस्तीसाठी पंधरा कोटी डॉलरचा करार विद्यापीठाने केला हे खरे आहे. पण हार्लेमने लढून मिळविलेल्या त्या नदीकाठाशेजारी घरभाड्याचे दर कोणीकडे जातील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बाग झाली, सायकलवाट झाली की जागेची किंमत वाढते. ज्यांच्या लढ्याने बाग झाली त्यांनाच मग तेथे राहणे परवडत नाही. यावर भाडेनियंत्रण आणि वस्तीच्या मालकीची जमीन याखेरीज दुसरा उपाय आम्हाला दिसत नाही. विद्यापीठावरील प्रेम कायम ठेवून आम्ही हे म्हणतो.

सायकल ही वस्तू अमेरिकेतही वर्णभेदातून सुटली नव्हती. १८९४ मध्ये तेथील सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने, सभासदत्व फक्त गोऱ्यांना ठेवण्याचा नियम केला. पाचच वर्षांनी, १८९९ मध्ये, मेजर टेलर हा कृष्णवर्णीय तरुण माँट्रियलला सायकल शर्यतीचा जगज्जेता झाला! संघटनेने तो नियम जाहीरपणे नाकारला १९९९ मध्ये. १८९७ मध्ये पंचविसाव्या पायदळाचे वीस कृष्णवर्णीय शिपाई मिसुला ते सेंट लुइस हे सुमारे तीन हजार किलोमीटर सायकलवर गेले. आणि १९२८ च्या ईस्टरला पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यू यॉर्कहून निघून तीन दिवसांत सायकलने वॉशिंग्टनला पोचल्या. कोठल्या खानावळीत प्रवेश मिळेल आणि कोठे नाही, याचा विचार त्या काळी त्यांना प्रत्येक मुक्कामी करावा लागला असेल. सायकलपर्यटन हे रिकामटेकड्यांचे चोचले, असे ज्यांना वाटते त्यांनी या पाच जणींकडे पाहावे. फार लांब कशाला जा? मान्यवर कांशीराम यांनी १५ मार्च १९८३ पासून चाळीस दिवस सायकलवर फिरून सात राज्यांत चळवळ पोचविली. आमच्या पिढीने ती छायाचित्रे पाहून सायकलीला हात घातला.

आणि आजचे न्यू यॉर्क? तेथे विजेच्या सायकलींवर घरोघर जेवण पोचविणारे हजारो स्थलांतरित मजूर आहेत. २०१७ मध्ये शहराने त्यांच्यावर कारवाईची मोहीम जाहीर केली, दंड झाले, सायकली जप्त झाल्या. त्याच शहरात रविवारच्या सायकलस्वारांसाठी मार्ग आखले जात होते. २०२० मध्ये राज्याने विजेच्या सायकलींना कायदेशीर मान्यता दिली, तीही मजुरांनी सतत पाठपुरावा केल्यावर.

आता आपल्या राज्यघटनेकडे वळू. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीने रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. राज्याच्या पैशाने राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या अशा जागांचा वापर करण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला अडविता येणार नाही. या तरतुदीमागे महाडचे पाणी आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले त्यापूर्वीच, १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव झालेला होता! ठराव होता आणि पाणी नव्हते. पुढे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचा 'अनादी वहिवाटी'चा दावा फेटाळला. ज्या वर्षी तिकडे मोझेसने हार्लेमच्या वेशीवर रेल्वेचे झाकण थांबविले, ते हेच वर्ष.

परंतु आपण ध्यानात घेतले पाहिजे की अनुच्छेद १५ अडविणाऱ्याचा हात धरतो. नकाशाचा हात धरणे त्याला अवघड जाते. उद्या एखाद्या नदीकाठच्या सायकलवाटेवर 'अमुक जातीला बंदी' अशी पाटी कोणी लावली तर तो दुसऱ्या दिवशी तुरुंगात असेल. पण वाट वस्तीच्या अलीकडेच संपविली, वस्तीकडून उतरायला दार ठेवले नाही, रात्री आठला फाटक बंद केले, पन्नास रुपये तिकीट लावले, तर कोणत्या कलमाखाली फिर्याद करायची? अहमदाबादला साबरमतीच्या काठावर काय झाले ते पाहा. काठावरची हजारो झोपडीवासी कुटुंबे, त्यांत मोठ्या संख्येने दलित आणि मुस्लिम, विकासासाठी उठविली गेली. २००५ मध्ये रहिवासी उच्च न्यायालयात गेले म्हणून पुनर्वसनाचा प्रश्न तरी ऐरणीवर आला. तरीही अनेकांना मिळालेली घरे कामाच्या ठिकाणापासून कोसभर दूर. काठावर आज फिरायच्या प्रशस्त वाटा आहेत आणि पादचारी पुलाला तिकीट आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठीही पायवाटा व सायकलमार्ग असलेल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचे काम चालू आहे. तेथील पर्यावरणप्रेमी झाडांसाठी झगडत आहेत, ते योग्यच आहे. पण काठावरच्या वस्त्यांच्या बाजूने नकाशा वाचणारे लोक त्या झगड्यात आम्हाला कमी दिसतात.

आमच्या वकील मंडळींचा वेळ अत्याचाराच्या खटल्यांत आणि आरक्षणाच्या याचिकांत जातो, आणि तो जायलाच हवा. पण विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागविल्या जातात, मुदत संपते, आणि बुलडोझर दारात आल्यावर पक्षकार आमच्याकडे येतात. तोवर बाग कोठे आणि मैलापाणी प्रक्रिया केंद्र कोठे, हे कायम झालेले असते. पुण्यातील चार वकील मित्रांशी आमचे बोलणे झाले आहे. माहिती अधिकारात अर्ज करून काही साध्या गोष्टी मागवायच्या ठरल्या आहेत: प्रस्तावित सायकलमार्ग कोणत्या वस्त्यांवरून जातो आणि कोठे थांबतो, प्रत्येक झोपडपट्टीपासून काठावर उतरण्याची सर्वांत जवळची जागा किती मीटरवर आहे, फाटकांच्या वेळा आणि शुल्क काय, नवी मैलापाणी केंद्रे कोणत्या प्रभागांत, उठविल्या जाणाऱ्या कुटुंबांची यादी कोणी आणि कोणत्या तारखेला केली. पहिले दोन अर्ज गेल्या पंधरवड्यात दाखल झाले. उत्तरे आली की याच स्तंभात छापू.